कोंबड्यांची शिडी

कोल्दारा, ४ मे

टीटा,

डोंगर मंडळाला आलेलं तुझं पत्र मला काल वाचून दाखवण्यात आलं. एर्मान अध्यक्ष झाल्यापासून त्याला सगळं वाचूनच दाखवायची हौस आहे, आणि तुझं पत्र तर त्याने चष्मा पुसून, उभं राहून वाचलं. मी आपल्या रिफ्युजोच्या, डोंगरातल्या विश्रामघराच्या, स्वयंपाकघरात संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी शिळ्या पावाचे गोळे वळत होते. तो वाचत गेला आणि माझ्या हातातला गोळा दाबून दाबून इतका घट्ट झाला की सूपात घातला असता तर कुणाचा तरी दात पडला असता.

सास कोर्फ डोंगराच्या दक्षिण अंगाला जी नवी फेराता, पोलादी दोर आणि शिड्यांची वाट, झाली आहे, लहान मुलांना आणि पहिल्यांदाच डोंगराला हात लावणाऱ्यांना झेपेल अशी, तिला 'आमच्या लुईसचं' नाव द्यावं, असं तू लिहिलंस. पुढे लिहिलंस, डोंगर बिचाऱ्याला कठीण गेला, निदान त्याच्या नावाची वाट तरी सोपी असू दे. एर्मानचा आवाज इथे भरून आला. मंडळातल्या दोघांनी डोळे पुसले. वेरोनाला जाऊन एवढी वर्षं झाली तरी टीटा दरी विसरला नाही, असं सगळे म्हणाले.

तू काही विसरला असलास तर मी आठवण करून देते. चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये तू आणि माझा भाऊ लुईस सास कोर्फच्या उत्तरेच्या भिंतीवर गेलात. त्या भिंतीतली उभी भेग तोवर कुणी चढलं नव्हतं. कुरणावर बोल्झानोच्या वर्तमानपत्राचा माणूस दुर्बीण लावून बसला होता. धुकं होतं, त्याला भेगेत एकच माणूस दिसला. संध्याकाळी तुम्ही दोघं खाली आलात. त्याने विचारलं, कोण होता तो. तू म्हणालास, मी. लुईस भेगेखालच्या कट्ट्यावर घाबरला म्हणून त्याला तिथे बसवून तू एकटा वर गेलास, असं तू सांगितलंस. लुईस शेजारी उभा होता, खिशात हात घालून. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात तुझा फोटो होता आणि त्या भेगेला आजतागायत टीटाची भेग म्हणतात.

त्या दिवसापासून माझ्या भावाशी दरीतल्या एकाही माणसाने दोर बांधला नाही. वाटाड्यांच्या संघाने त्याला बिल्ला दिला नाही. लुईस मग आयुष्यभर फेरातांच्या केबली ओढत राहिला, खुंट्या ठोकत राहिला, दुसऱ्यांनी धरायच्या पोलादी दोरांना ग्रीस लावत राहिला. गेल्या नोव्हेंबरात छातीत कफ होऊन वारला. ही दक्षिणेची सोपी वाट त्याचं शेवटचं काम. आणि तिच्यावर आता तू त्याचं नाव कोरणार, म्हणजे पुढच्या शंभर वर्षांत वर जाणारं प्रत्येक शेंबडं पोर विचारेल की हा लुईस कोण, आणि त्याचा बाप सांगेल, अरे तो, जो घाबरला होता तो.

एवढ्या लांबून एवढा नेमका दगड मारता येतो हे मला ठाऊक नव्हतं. मी मंडळाला सांगितलंय की नावाचं मी बघते. बहीण म्हणून तो हक्क माझा आहे, ते कुणाला नाकारता आलं नाही.

ओटिलिया


कोल्दारा, २९ मे

टीटा,

अभिनंदन. सोमवारच्या बैठकीत ठराव एकमताने झाला. नव्या वाटेचं नाव 'फेराता टीटा'.

बैठकीत काय झालं ते एर्मान तुला गोड करून कळवेल, मी जसं झालं तसं सांगते. मी उठून म्हणाले की माझा भाऊ साधा माणूस होता, त्याला पाटी-बिटी आवडली नसती, तेव्हा दरीचं नाव ज्याने मोठं केलं त्याचंच नाव या वाटेला शोभेल. मग म्हातारा छापखानेवाला म्हणाला की लोखंडी वाटेला मेलेल्या माणसाचं नाव द्यायची आपली रीत आहे, आणि टीटा तर वेरोनात धडधाकट आहे. मी म्हणाले, "धडधाकट असेल, पण या दरीला तो मेल्यासारखाच आहे. पन्नास वर्षांत कधी इथे सूप प्यायला आलाय?" सगळे हसले. त्यांना वाटलं, म्हातारी जुन्या प्रेमापोटी टोमणा मारतेय. एर्मानने तर माझ्याकडे बघून डोळा मारला. त्याला वाटू दे काय वाटायचं ते.

मग पाटीवरचा मजकूर ठरला. तो मी स्वतः सांगितला, एक शब्द कुणी बदलला नाही. 'फेराता टीटा. अतिशय सोपी. सहा वर्षांवरील मुले, आजी-आजोबा व नवशिके यांच्यासाठी. पूर्वानुभवाची गरज नाही. साधे बूट चालतील.' तीन भाषांत येणार आहे. शिवाय नकाशात, माहितीपुस्तकात आणि बसच्या थांब्यावर. मी विचारून घेतलं, एकदा नकाशात नाव गेलं की सहसा बदलत नाहीत.

तू एकदा मुलाखतीत म्हणाला होतास, आठवतं का? पोलादी दोराला धरून जो चढतो तो डोंगर चढत नाही, खुराड्यात जाणाऱ्या कोंबड्यांची शिडी चढतो. लोकांना ते फार आवडलं होतं. लुईस त्या दिवशी वाऱ्यात लोंबकळत गंजलेली केबल बदलत होता. रेडिओ माझ्याकडे चालू होता. संध्याकाळी मी त्याला ते सांगितलं नाही, पण कुणीतरी सांगितलंच.

तर आता ही कोंबड्यांची शिडी तुझ्या नावाची. उद्घाटन जुलैच्या पहिल्या रविवारी. ज्याचं नाव त्याने पहिलं चढायचं, ही रीत तुला माहीत आहे. मेलेल्यांच्या बाबतीत घरच्यांपैकी कुणी तरी जातं, तुझ्या बाबतीत तू स्वतःच जाऊ शकतोस, हा केवढा फायदा.

ओटिलिया


कोल्दारा, १८ जून

टीटा,

तुझा फोन एर्मानला आला, मग तुझं पत्र मला आलं. फोनवर तू एर्मानला म्हणालास की हा मान तुला पेलवणार नाही, आणि पत्रात मला म्हणालास की तू नीच बाई आहेस. दोन्ही कळलं.

नाकारायचं असेल तर खुशाल नाकार. पण वर्तमानपत्रात लिहून कळव, की लहान मुलांच्या आणि आजीबाईंच्या वाटेला माझं नाव देऊ नका, मला लाज वाटते. दरीतल्या शाळेतल्या मुलांनी तुझं चित्र काढलंय, टोपीतलं, ते तुला पाठवायचं की नाही ते त्यानंतर ठरवू.

तू लिहिलंस, हे सगळं मी चौऱ्याहत्तरच्या सप्टेंबरातल्या त्या दुसऱ्या गोष्टीसाठी करतेय. त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मी बोलत नाही. लग्नं ठरतात, मोडतात. आईने पडद्याचं कापड आणलं होतं, त्याच्या उशांच्या खोळी झाल्या, काही वाया गेलं नाही. तू महिन्याभरात मोठा माणूस झालास, मिलानला भाषणं देऊ लागलास, तिथून परतायला तुला वेळ मिळाला नाही. ते मी केव्हाच सोडून दिलंय. मला ते आठवतसुद्धा नाही.

मला आठवतात ते लुईसचे हात. तुम्ही खाली आलात तेव्हा मीच स्वयंपाकघरात त्याच्या हातांना पट्ट्या बांधल्या. बोटांची टोकं फुटली होती, नखं उलटली होती, पालथ्या पंजांची कातडी खडकाने किसून काढली होती. तू म्हणालास, कट्ट्यावरून उतरवताना घाबरून दोरावरून घसरला. टीटा, मी कड्याखाली जन्मले. दोराने हात भाजतो तो आतून, तळव्याला. पालथा पंजा सोलतो तो भेगेत मूठ कोंबून चढणाऱ्याचा. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि तुझ्या तोंडाकडे बघत होते, हातांकडे नव्हे.

भिंतीवर काय झालं ते मला ठाऊक नाही. मी लुईसला शंभरदा विचारलं. तो म्हणायचा, "टीटा सांगतो तेच." पुढेपुढे मी विचारणं सोडलं.

एकदाच काय तो आपणहून बोलला. गेल्या उन्हाळ्यात या वाटेवरची शिडी ठोकून झाली तेव्हा एर्मान तपासायला आला. शिडीच्या वरच्या टोकाशी, डाव्या अंगाला, शिडीच्या बाहेर लुईसने एक जास्तीची लोखंडी पायरी ठोकली होती. तिथे पाय ठेवायचं कुणालाच कारण नाही. एर्मान म्हणाला, ही कापून टाक, वाईट दिसते. लुईस म्हणाला, "राहू दे. घाबरलेल्या माणसाचा पाय कुठे चाचपडतो ते मला माहीत आहे." एर्मानने मान खाली घातली. सगळ्यांनी तेच मानलं, की बिचारा स्वतःबद्दल बोलतोय. मीसुद्धा.

ये जुलैत. नव्या गुडघ्यांचं कौतुक तू पत्रात केलंस, डॉक्टरांनी हो म्हटलंय तर काळजी कसली. सहा वर्षांची पोरं चढणार आहेत. हार्नेस मी तुझ्या मापाचा काढून ठेवते, दोन्ही दोर आणि त्यांच्या टोकांच्या कॅरॅबिनर-कड्यांसकट. वापर कसा करायचा ते पाटीवर चित्रांत दाखवलंय: एक सोडून पुढे अडकवायचा, मगच दुसरा सोडायचा. दोन्ही एकदम कधीही सोडायचे नाहीत. एवढंच शिकायचंय.

ओटिलिया


कोल्दारा, १५ जुलै

टीटा,

तू मुकाट्याने संध्याकाळच्या बसने गेलास. एर्मानने तुझ्यासाठी पालक भरलेले तुत्रेस तळायला लावले होते, ते बँडवाल्यांनी खाल्ले. आतापर्यंत तू त्या सकाळची आपल्या सोयीची आवृत्ती तयार केली असशील, त्याआधी माझी तुझ्या हातात पडावी म्हणून लिहितेय.

धर्मगुरूंनी पहिल्या खुंटीवर पाणी शिंपडलं, बँड वाजला. एर्मान तुझ्यापुढे हार्नेस घेऊन उभा राहिला आणि तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "पाळण्यातल्या पोराला बांधतात असं. मला नको." लोकांनी टाळ्या दिल्या. जुनी टोपी, छातीवर वाटाड्याचा बिल्ला, अंगठे पट्ट्यात. पन्नास वर्षांनी पाहिलं तरी चाल तीच होती. मला राग आला तो आधी स्वतःचाच, कारण क्षणभर मी बघत राहिले.

तुझ्यामागे मी निघाले, लुईसच्या घरची म्हणून. बाकीच्यांनी आपण माथ्यावरून हात केल्यावर यायचं ठरलं होतं. पहिला तिरका टप्पा तू केबलला एकही हात न लावता गेलास. मग कोपरा वळलो आणि कुरण दिसेनासं झालं. पुढे शिडी. ती चढेपर्यंत तू माझ्याशी हवापाण्याचं बोलत होतास. वरून चौथ्या-पाचव्या कांबीवर तू खाली बघितलंस.

आधी मला वाटलं तुझा गुडघा आखडला. मग शिडी थरथरायला लागली. तुझे पाय शिवणयंत्राच्या सुईसारखे हलत होते. मी खालून विचारलं, काय झालं. मी शेजारून वर आले, माझ्याकडचा कापडी फास तुझ्या काखेतून घालून कांबीला अडकवला, आणि तेवढ्यात तू माझं मनगट धरलंस. ते निळं अजून गेलेलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून तू म्हणालास:

"लुईस, पुढे जाऊ नको. मला खाली घे." आणि मग, हळू: "टिल्लाला सांगू नको."

मला टिल्ला म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही, टीटा.

तुझा डावा पाय कांबीवरून सुटला आणि हवेत चाचपडायला लागला, मागे, बाहेर, डावीकडे. मी श्वास धरून बघत होते. तो त्या जास्तीच्या पायरीवर जाऊन टेकला. नेमका. तू सगळा भार तिच्यावर टाकलास आणि तुझं थरथरणं थांबलं. लुईसने पन्नास वर्षं तुझा पाय लक्षात ठेवला होता. मी तिथे, तुला एका हाताने धरून, मोठ्याने रडले. तू ऐकलं असशील, पण तू कुठे होतास देव जाणे.

तर असं झालं होतं भिंतीवर. घाबरला होता तो तू. चढला तो लुईस. आणि तू त्याला माझी शपथ घातलीस आणि तो गाढव ती पाळत बसला, तू मला सोडून गेल्यावरसुद्धा. माझ्यासाठी गप्प बसला, आणि मी त्याच घरात त्याच्या पुढ्यात जेवण वाढत रोज मनात म्हणत होते की हा तरी घाबरला नसता तर.

तुला एकेक कांब करत मी खाली आणलं. कोपऱ्यावर पोचताच तू टोपी सारखी केलीस. कुरणावर सगळे माना वर करून उभे होते. एर्मान ओरडला, काय झालं. तू माझ्याकडे बघितलंस. एवढी भीती तर शिडीवरसुद्धा तुझ्या डोळ्यांत नव्हती. मी मनात म्हटलं, हाच तो क्षण, ओटिलिया, सांग. इतकी वर्षं तू याचीच वाट बघितलीस.

मी म्हणाले, "मला चक्कर आली. टीटाने मला खाली आणलं."

लोक हसले. कड्याखाली सबंध आयुष्य काढलेल्या बाईला कोंबड्यांच्या शिडीवर चक्कर आली. कुणीतरी मागून म्हणालं, घराण्यातच आहे ते. धर्मगुरूंनी मला ग्रापा दारूचा घोट दिला. तुझ्या पाठीवर थापा पडल्या.

ही दया आहे असं समजू नकोस. दया करणारा आमच्यात एकच होता, तो दफनभूमीच्या कोपऱ्यात आहे. मी तुला नुसतं उघडं पाडलं असतं तर तू दोन दिवस लाजला असतास, मग गुडघ्यांवर ढकललं असतंस आणि लोकांनी तुला माफ केलं असतं. आता तुला माफ करणारं कुणी नाही. या घरातल्या दोन माणसांनी तुझी भीती आपल्या अंगावर घेतली आहे. दुसरं माणूस जिवंत आहे, सगळं जाणतं आणि तुला पत्रं लिहीत राहणार आहे. बघू किती दिवस झोप लागते.

ओटिलिया


कोल्दारा, १२ ऑक्टोबर

टीटा,

मी जिंकले असं मला शनिवारी संध्याकाळी सुमारे दहा मिनिटं वाटलं होतं.

मोसम संपल्याच्या जेवणाला तू येशील असं वाटलं नव्हतं. आलास, आणि सूप संपायच्या आत उभा राहिलास. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, हातात पातेलं. तू सगळं सांगितलंस, की भेगेखाली माझे पाय लटपटले, लुईसला विनवण्या केल्या, कट्ट्यावर डोळे मिटून बसून राहिलो, लुईस एकटा भेग चढला आणि माथ्यावरून मागच्या बाजूने फिरून मला न्यायला आला. पत्रकाराला खोटं सांगितलं. जुलैत शिडीवर घाबरलो तोही मीच. "लुईस कधीच मागे फिरला नाही. मागे मी फिरलो," असं तू म्हणालास, आवाज न कापता. तेवढ्यापुरतं मी तुझ्यावर खूश होते हे कबूल करते. मी पातेलं खाली ठेवलं.

मग सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले.

ते कशासाठी टाळ्या वाजवतायत हे तुला माझ्याआधी कळलं. तुझा चेहरा मी बघितला. एर्मानने तुला मिठी मारली, ढसाढसा रडला आणि म्हणाला, "मेलेल्या मित्राची लाज स्वतःच्या अंगावर घेतलीस. असा माणूस दरीत दुसरा झाला नाही." तू नाही नाही म्हणत राहिलास आणि जितकं नाही म्हणालास तितका तू त्यांच्या डोळ्यांत मोठा होत गेलास. छापखानेवाला म्हणाला, बघा, म्हातारीची जुलैची चक्करसुद्धा याने आपल्या अंगावर घेतली.

मी पुढे आले. म्हणाले, हा खरं बोलतोय, मला चक्कर आली नव्हती, मी खोटं बोलले. सगळे माझ्याकडे इतक्या मायेने बघायला लागले की मला त्यांना पातेल्याने मारावंसं वाटलं. एर्मान माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ओटिलिया, भावाचं नाव राखावंसं वाटणारच. यात लाजण्यासारखं काही नाही. काही घराण्यांना उंची सोसत नाही." आता त्यांनी ठरवलंय की पाटीवर एक ओळ वाढवायची: मित्रासाठी स्वतःची कीर्ती देऊ करणाऱ्याच्या नावे.

तू त्यानंतर माझ्याकडे आलास आणि काही बोलणार होतास. मी तुला स्वयंपाकघराबाहेर काढलं. कशासाठी काढलं ते आता सांगते. तुझ्या कबुलीत खोट नव्हती, खोट माझ्या चलाखीत होती. जुलैत कुरणावर मी खरं बोलले असते तर तुझ्या पायांचं थरथरणं अजून तुझ्या विजारीत होतं, शंभर डोळ्यांनी ते पाहिलं असतं. मला तुला सावकाश भाजायचं होतं. त्या नादात मी माझ्या भावाचा एकमेव साक्षीदार, म्हणजे तुझे ते दोन गुडघे, टोपीखाली झाकून परत पाठवले.

या पत्राला उत्तर देऊ नकोस. मला विचार करू दे.

ओटिलिया


कोल्दारा, ३ मे

टीटा,

बर्फ उतरला. शिडीवरची पायरी मी काल जाऊन पाहिली, हललेली नाही. पाटी हिवाळ्यात काढून ठेवली होती, ती नव्या ओळीसकट रंगवून आली आहे आणि माझ्या कोठीत भिंतीकडे तोंड करून उभी आहे. ती पुन्हा लागायच्या आत काय करायचं ते मी ठरवलंय.

थंडीत तू तीन पत्रं पाठवलीस, तिन्ही वाचली. तू माफी मागितलीस. ती देणं माझ्या हातात नाही, ज्याच्या हातात होतं त्याने ती लोखंडाची करून कड्यात ठोकून ठेवली आहे, तू तिच्यावर उभा राहिला आहेस. मी माझं सांगते. मी तुला माफ केलेलं नाही, करायचा विचारही नाही. पण तू ऑक्टोबरातल्या त्या जेवणात जे केलंस ते कुणाच्या सांगण्यावरून नव्हतं, हे मी पाहिलं आहे.

शब्दांवर आता या दरीत कुणाचा विश्वास बसणार नाही, ना तुझ्या ना माझ्या. दोघांनीही ते वापरून झिजवले. तेव्हा तुला पुन्हा चढावं लागेल. शिडीच्या पायथ्याशी रुंद कट्टा आहे, दहा-बारा माणसं आरामात मावतात. एर्मान, छापखानेवाला, धर्मगुरू, वाटाड्यांच्या संघाचे सगळे, यांना मी आधी तिथे नेऊन बसवते. मोसमाआधी वाट तपासायची आहे असं सांगितलंय, बरोबर डुकराचं खारवलेलं मांस आणि पाव पण देणार आहे, म्हणजे कुणी उठून जाणार नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत तू ती शिडी चढायची. वरून चौथ्या कांबीवर खाली बघायचं. नाटक करायची गरज पडणार नाही, तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. तुझे पाय काय बोलतात ते बारा जण ऐकतील. तुझा डावा पाय लुईसच्या पायरीवर जातो तेही बघतील, आणि ती पायरी तिथे का आहे हे एर्मानला त्याच्या डोक्याने कळेल, मी तोंडही उघडणार नाही. मग भेगेचं नाव त्यांनी बदलायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं. फेरातेचं नाव मात्र आहे तेच राहील. लुईसने ती तुझ्यासाठीच बांधली होती, मला ते उशिरा कळलं.

भीती वाटत असेल तर चांगलंच आहे. तीच आणायची आहे.

मी एक कांब खाली असेन. या वेळी हार्नेस घालायचा, एर्मानसमोर, पायथ्यापासून, आणि पाळण्यातल्या पोराबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. एक सोडून पुढे अडकवायचा, मगच दुसरा. मी तुला पडू देणार नाही. तू पडलास तर लुईसची बाजू कोण सांगेल.

येत्या रविवारी सकाळच्या बसने ये. हार्नेस, हेल्मेट, दोर, सगळं इथे आहे. तू फक्त ते गुडघे घेऊन ये.

टिल्ला